मतं मोजायची रीत आणि पक्षांची गर्दी

कामोठ्यात नगरसेवकाच्या निवडणुकीला एका माणसाला सहसा चार मतं असतात. कामोठे पनवेल महानगरपालिकेत येतं, आणि इथल्या बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. त्यामुळे मतदान यंत्रासमोर उभं राहून चारदा बटण दाबायचं. आमच्या सोसायटीतले अर्धे लोक सातारा-सांगलीकडून आलेले. गावाकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डात दोन-तीन मतं द्यायची त्यांना सवय आहे, त्यामुळे त्यांना यात विशेष काही वाटत नाही. पण मुंबईत वाढलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं, कारण मुंबई महापालिकेत एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक मत. खाडी ओलांडली की नियम बदलतो!

आणि मतदानाच्या रांगेत नेहमी ऐकू येणारं दुसरं वाक्य म्हणजे, "पक्षच फार झालेत हो. एका सेनेच्या दोन, एका राष्ट्रवादीच्या दोन, रिपब्लिकन किती ते मोजायलाच नको. अमेरिकेत बघा, दोनच पक्ष!"

या दोन गोष्टी, म्हणजे चार मतांचं बटण आणि पक्षांची गर्दी, एकमेकांशी फार जवळून जोडलेल्या आहेत. पक्ष किती असावेत हे बऱ्याच अंशी मतं मोजायची रीत ठरवते. नेत्यांचा अहंकार, जात, पैसा वगैरे सगळं आहेच, पण ते सगळं इनपुट झालं. मधलं फंक्शन बदललं की त्याच इनपुटवर आउटपुट वेगळं येतं. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शोधायला न्यूझीलंडला जायची गरज नाही. ते परळ-भायखळ्यात घडलेलं आहे, आणि त्यात एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या नियमांखाली निवडणूक लढवली. त्या माणसाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आधी थोडी थिअरी, मग गोष्ट.

मोरिस द्युव्हर्जे नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये राजकीय पक्षांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण पुढे 'द्युव्हर्जेचा नियम' म्हणून गाजलं. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा, आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, मग ती ५५ टक्के असोत की २८ टक्के, अशी पद्धत असेल तर हळूहळू दोनच पक्ष उरतात. कारण साधं आहे. तिसऱ्या क्रमांकावरच्या पक्षाला मत देणारा माणूस दोन-तीन निवडणुकांत कंटाळतो. 'मत वाया जातंय' म्हणत पहिल्या दोघांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराकडे वळतो. याउलट जितकी टक्के मतं तितक्या टक्के जागा अशी पद्धत असेल, तर लहान पक्षही जगतात. नेदरलँड्सच्या संसदेत १५० जागा आहेत आणि एका जागेपुरती मतं मिळाली की पक्षाला प्रवेश मिळतो, म्हणून तिथे दहा-पंधरा पक्ष असणं नेहमीचंच.

आता अनेक जागांचा मतदारसंघ असेल तर काय? इथे दोन रिती आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट या दोन रितींच्या फरकावर उभी आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

समजा एका प्रभागात १०,००० मतदार आहेत आणि ४ जागा. प्रत्येकाला ४ मतं. त्यातले ७,८०० लोक एका मोठ्या गटाचे, २,२०० एका लहान गटाचे.

पहिली रीत: चार मतं चार वेगवेगळ्या उमेदवारांना वाटायची. एकाला एकच. मोठ्या गटाच्या चारही उमेदवारांना ७,८०० मतं, लहान गटाच्या उमेदवाराला जास्तीत जास्त २,२००. निकाल चार-शून्य. हिला आपण 'वाटप पद्धत' म्हणू.

दुसरी रीत: चार मतं हवी तशी द्या. चौघांना एकेक, दोघांना दोन-दोन, किंवा चारही एकालाच. आता लहान गटाने चारही मतं आपल्या एका माणसावर टाकली तर त्याला ८,८०० मतं होतात. मोठ्या गटाने चार उमेदवार उभे केले तर त्यांच्या वाट्याला सरासरी ७,८००. म्हणजे लहान गटाचा माणूस पहिल्या क्रमांकाने निवडून येतो! निकाल तीन-एक. हिचं पुस्तकी नाव 'संचयी मतदान'. आपण 'साठवण पद्धत' म्हणू. चार जागा असतील तर एक पंचमांशापेक्षा थोडे जास्त लोक एकजुटीने राहिले की एक जागा त्यांची पक्की. ती कुणी हिसकावू शकत नाही, आणि त्यासाठी कुणाशी युतीही करावी लागत नाही.

तेच मतदार, तीच मतं. फक्त नियमातली एक ओळ वेगळी.

आता गोष्ट.

१९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्य समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा आल्या. म्हणजे जागा राखीव, पण मत सगळेच देणार. साहजिकच प्रश्न आला की राखीव जागेवर निवडून येणारा माणूस खरा कुणाचा? त्या समाजाचा, की बहुसंख्य मतदारांना चालेल असा? १९३५ च्या कायद्यानंतर मतदारसंघ आखायला हॅमंड समिती नेमली गेली, तेव्हा मतदानाच्या रितीवर बराच वाद झाला. काँग्रेसचा कल वाटप पद्धतीकडे होता, आंबेडकरांचा आग्रह साठवण पद्धतीचा होता. मुंबई प्रांतात अनेक जागांच्या मतदारसंघांसाठी साठवण पद्धत आली. हा वाद तेव्हाच्या सामान्य वाचकाला किती रुक्ष वाटला असेल! पण आंबेडकरांना अर्थशास्त्राचं आणि आकड्यांचं अंग होतं. नियमातल्या या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक. आंबेडकरांनी आदल्या वर्षी, १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा. समोर देशभर लाट असलेली काँग्रेस. आंबेडकर स्वतः मुंबईत भायखळा-परळच्या अनेक जागांच्या मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभा केलेला माणूस म्हणजे पळवणकर बाळू. हे नाव क्रिकेटवेड्यांना माहीत असेल. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढणारा, डावखुरा फिरकी गोलंदाज. तोही अस्पृश्य समाजातला, आणि लोकप्रियतेत कमी नाही. लढत अटीतटीची झाली. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. आंबेडकर निवडून आले. इतकंच नाही, स्वतंत्र मजूर पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले, आणि सहा महिन्यांचा पक्ष मुंबई विधानसभेत विरोधी बाकांवर ठळकपणे दिसू लागला. खोती बिलापासून कामगारांच्या संपाच्या हक्कापर्यंत त्या बाकांवरून काय काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या मतदाराने काय केलं असेल याची कल्पना करा. परळच्या चाळीतला एक माणूस मतदान केंद्रावर गेला आणि त्याने आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला दिली. नियमाने त्याला तशी पूर्ण मुभा होती.

मध्ये बारा वर्षं गेली. ४ जानेवारी १९४९. संविधान सभेत लोकसभेची निवडणूक कशी व्हावी यावर चर्चा चालू होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी सुचवलं की मतांच्या प्रमाणात जागा देणारी, पसंतीक्रमाची पद्धत घ्यावी. त्याला उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, आणि त्यांनी विरोध केला! दोन कारणं दिली. एक, पसंतीक्रम लिहायला मतदाराला निदान अक्षर-आकडे ओळखता यायला हवेत, आणि देशात साक्षरता फारच कमी आहे. दोन, अशा पद्धतीत सभागृहात लहान लहान गट फार होतील, सरकार टिकणार नाही, आणि नव्या देशाला टिकाऊ सरकार हवं.

दोन्ही मुद्दे त्या काळासाठी वजनदार होते. १९४९ ला फाळणीची जखम ताजी होती, संस्थानं नुकती विलीन झाली होती. सरकार दर सहा महिन्यांनी पडलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. सूचना फेटाळली गेली. 'ज्याला जास्त मतं तो जिंकला' हीच पद्धत आली. राखीव जागांसाठी मात्र दोन जागांचे मतदारसंघ ठेवले: एक सर्वसाधारण, एक राखीव, मतदाराला दोन मतं. आणि रीत? वाटप पद्धत. एका उमेदवाराला एकच मत.

मग आली पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन जागांच्या मतदारसंघात दोन मतपत्रिका, दोन वेगवेगळ्या पेट्यांत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद.

आंबेडकर उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते. सर्वसाधारण जागेसाठी त्यांचे जोडीदार समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. ठरलेलं असं की फेडरेशनच्या मतदाराने दुसरं मत मेहतांना द्यायचं, समाजवाद्यांच्या मतदाराने दुसरं मत आंबेडकरांना. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर, आणि कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात.

निकाल: काजरोळकर जिंकले, आंबेडकर चौदा-पंधरा हजार मतांनी हरले. मेहताही हरले, पण त्यांना आंबेडकरांपेक्षा जास्त मतं पडली होती. म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळी दुसरी मतं इकडे आलीच नाहीत. आणि त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून जास्त मतं बाद झाली! हरण्याचा फरक पंधरा हजारांच्या आत आणि बाद मतं त्याच्या जवळपास पाचपट. आंबेडकर आणि मेहता दोघांनी निवडणूक लवादाकडे दाद मागितली. तक्रार अशी की डांगे यांच्या बाजूने लोकांना दुसरं मत वाया घालवायला सांगणारा प्रचार झाला. याचिका फेटाळली गेली.

त्या सत्तर हजार मतांपैकी किती जाणूनबुजून वाया घालवलेली आणि किती गोंधळातून झालेली, हे कुणी वेगळं काढू शकणार नाही. पण मला यातली एक गोष्ट फार टोचते. १९३७ मध्ये परळच्या माणसाने आपली सगळी मतं एकावर टाकली की ती सगळी मोजली जात होती. १९५२ मध्ये त्याच परळच्या माणसाने दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की एक कागद कचऱ्यात. कृती तीच, माणूस कदाचित तोच. नियम बदलला होता.

याला पुढे दोन शेपटं आहेत. त्याच वर्षी आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले, आणि राज्यसभेची निवडणूक आमदार पसंतीक्रमाने करतात. म्हणजे १९४९ मध्ये लोकसभेसाठी नाकारलेल्या पद्धतीनेच त्यांना संसदेत नेलं. दुसरं, १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली, पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, आणि आंबेडकर तिथेही आठेक हजार मतांनी हरले. लोकसभेवर ते कधीच निवडून आले नाहीत.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत अल्पसंख्याकांचं संरक्षण कसं करायचं यावर लिहिताना त्यांनी जे सुचवलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. राखीव जागांची गरज नाही, एका जागेचे मतदारसंघ काढून दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ करा, आणि तिथे साठवण पद्धतीने मतदान घ्या! म्हणजे १९३७ ची रीत परत आणा. त्यात साक्षरतेचीही अडचण नव्हती, कारण एकाच पेटीत दोन कागद टाकायला लिहिता-वाचता यावं लागत नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. त्या सूचनेकडे कुणी वळून पाहिलं नाही. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले.

आता एक माणूस सोडून पूर्ण राज्याकडे बघू. १९५२ च्या मुंबई राज्याच्या विधानसभेत (यात गुजरात आणि कर्नाटकातलेही काही जिल्हे होते) ३१५ जागा होत्या. काँग्रेसला निम्म्याच्या आसपास मतं आणि २६९ जागा. समाजवादी पक्षाला साधारण १२ टक्के मतं आणि ९ जागा. शेतकरी कामगार पक्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास मतं आणि १४ जागा. मतं निम्मी, जागा दीडपट! कारण समाजवाद्यांची मतं सगळीकडे पातळ पसरलेली होती, शेकापची मतं काही तालुक्यांत घट्ट साचलेली.

आपल्या भागातल्या लोकांना हे लगेच उमगेल. जुना कुलाबा, आताचा रायगड जिल्हा हा शेकापचा बालेकिल्ला. ज्यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यावं अशी मागणी झाली ते दि. बा. पाटील पनवेलचे शेकापचे आमदार होते, पाच वेळा. राज्यात इतरत्र शेकाप विरत गेला तरी पनवेल, अलिबाग, पेणमध्ये तो कित्येक दशकं टिकला. 'जास्त मतं तो जिंकला' ही पद्धत लहान पक्षाला सरसकट मारते असं नाही. विखुरलेल्या लहान पक्षाला मारते, आणि एका जागी साचलेल्याला उलट थोडं झुकतं माप देते. म्हणूनच आपल्याकडे द्युव्हर्जेचा नियम देशपातळीवर फसलेला दिसतो. प्रत्येक मतदारसंघात लढत साधारण दोघांतच होते, पण ते दोघे प्रत्येक राज्यात, प्रत्येक जिल्ह्यात वेगळे.

आणि विखुरलेल्यांनी काय करायचं? दलित मतदार हा महाराष्ट्रात असाच विखुरलेला आहे. प्रत्येक मतदारसंघात थोडा थोडा, बहुमतात कुठेच नाही. त्याला एकच रस्ता उरतो: युती.

१९५७ ला हे झकास जमलं. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन सगळे एकत्र आले. मध्य मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून कोण निवडून आलं माहितीये? सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध लवादात गेले होते, त्यांच्याच जोडीने! नाशिकमधून दादासाहेब गायकवाड निवडून आले. मग १९६० ला महाराष्ट्र मिळाला, समितीचं काम संपलं, आणि १९६२ ला विरोधक वेगवेगळे लढले. काँग्रेसला ५१ टक्क्यांच्या आसपास मतं आणि २६४ पैकी २१५ जागा. रिपब्लिकन पक्षाला विधानसभेत ३.

हाच सिनेमा पुढे परत परत दिसतो. १९९८ च्या लोकसभेला रिपब्लिकन गट एकत्र येऊन काँग्रेसबरोबर गेले आणि चार खासदार निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून! काँग्रेसला राज्यात ३३ जागा. दीड वर्षात राष्ट्रवादी वेगळी झाली आणि १९९९ च्या लोकसभेला दोन्ही काँग्रेस एकमेकांसमोर उभ्या राहिल्या. दोघांची मतं मिळून निम्म्याहून जास्त, जागा मिळून १६. युतीला चाळीस टक्क्यांच्याही आत मतं, जागा २८. दोन्ही काँग्रेसना धडा मिळाला, आणि विधानसभेचा निकाल लागताच त्यांनी एकत्र सरकार केलं. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीला लोकसभेत राज्यातली जवळपास ७ टक्के मतं मिळाली. प्रमाणात जागा असत्या तर ४८ पैकी ३ झाल्या असत्या. तिचा स्वतःचा एकही खासदार झाला नाही. २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी, पण जागा ३० आणि १७. सहा महिन्यांनी विधानसभेला महायुतीला निम्म्याच्या आसपास मतं, आणि २८८ पैकी २३० जागा. या निकालांत कुणाची बाजू घ्यायचा माझा हेतू नाही. हे यंत्र आज याला फळलं, उद्या त्याला.

आता रांगेतल्या त्या वाक्याकडे येऊ. 'पक्षच फार झालेत.' माझ्या मते महाराष्ट्रात पक्ष फार होण्याचं एक मोठं कारण हेच यंत्र आहे. युतीत लहान पक्षाची किंमत कशावरून ठरते? तो किती जागा जिंकू शकतो यापेक्षा, तो वेगळा लढला तर आपल्या किती जागा पाडू शकतो यावरून. तीन टक्के मतांचा पक्ष स्वतः जिंकणार नाही, पण दहा जागा पाडू शकतो. म्हणून त्याला एक जागा किंवा एखादी विधान परिषद मिळते. मग त्यातला दुसरा नेता विचार करतो, माझ्याकडेही एक टक्का आहे, मी वेगळा गट काढला तर मलाही एक मिळेल. रिपब्लिकन पक्षाच्या फुटीची टिंगल आपण सगळेच करतो, पण त्या फुटीला या हिशोबाने बक्षीसच ठेवलेलं आहे. नेते एकत्र राहिले तर मिळणाऱ्या जागा, आणि फुटून प्रत्येकाला मिळणारी एकेक खुर्ची, यात दुसरी गोष्ट जास्त खात्रीची असेल तर माणूस काय निवडेल? साठवण पद्धतीत हे उलटं होतं. तिथे एकजूट राहिली तर जागा आपोआप येते, फुटलं की जाते. कुणाच्या बंगल्यावर जाऊन जागावाटप मागायची गरज नाही.

आता कामोठ्यात परत येऊ. आपल्या प्रभागात चार जागा आणि चार मतं आहेत, पण ती अ, ब, क, ड अशा चार कप्प्यांत बांधलेली आहेत. एका कप्प्यातलं मत दुसऱ्यात नेता येत नाही. म्हणजे दिसायला अनेक जागांचा प्रभाग, आणि आतून 'जास्त मतं तो जिंकला'च्या चार निवडणुका एकाच रांगेत. ज्या पक्षाला प्रभागात ४० टक्के आणि बाकीच्यांना ३५ आणि २५, तो चारही जागा घेऊन जाऊ शकतो. लहान पक्षाला किंवा अपक्षाला मात्र एका वॉर्डाऐवजी चौपट मोठ्या भागात प्रचार करावा लागतो. पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक २०१७ मध्ये झाली, २० प्रभागांत ७८ जागा. भाजप ५१, शेकाप २३, काँग्रेस २, राष्ट्रवादी २. मुंबईत त्याच वर्षी ८४ नगरसेवक निवडून आणणाऱ्या शिवसेनेला इथे एकही नाही.

आणि हा नियम किती वेळा बदलला बघा. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत २००२ ला तीन जागांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग सरकार बदललं, पुन्हा एक करायचं ठरलं, मग तीन, २०२२ ला परत सरकार बदललं, परत चार. जानेवारी २०२६ च्या निवडणुका त्यावरच झाल्या. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्शनमधला इतका महत्त्वाचा कॉन्फिगरेशन बदल असा केला तर किमान कुणीतरी कारण लिहून ठेवेल. इथे ज्याला जो आकडा सोयीचा त्याने तो टाकला. मतदाराला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मतदारानेही कुणाला विचारलं नाही.

"लोकांना अवघड रीत जमणार नाही" हे १९४९ चं कारण आज चालणार नाही. कामोठ्यातले जे पदवीधर कोकण पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवतात, ते २०२४ लाही कागदी मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहून आले. आमदार राज्यसभेला तेच करतात. इतकंच काय, तुमच्याकडे तुमच्या कंपनीचे शेअर असतील तर २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालक निवडताना साठवण पद्धत वापरायची सोय आहे. छोट्या भागधारकाचा एखादा माणूस बोर्डावर यावा म्हणून. कंपनीच्या भागधारकाला जे संरक्षण कायद्याने देऊ केलंय, ते प्रभागातल्या मतदाराला नाही!

बाहेर या रिती वापरून झालेल्या आहेत, गुण-दोषांसकट. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १८७० पासून १९८० पर्यंत तीन जागांचे मतदारसंघ आणि साठवण पद्धत चालवली. फायदा असा झाला की एका पक्षाच्या गढीतही दुसऱ्या पक्षाचा एखादा माणूस निवडून यायचा. तोटा असा की पक्ष हिशोब करून तीन जागांसाठी मिळून तीनच उमेदवार द्यायचे, मग मतदाराला निवडायला उरायचं काय? न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ ला कमी मतं मिळालेल्या पक्षाचं सरकार आलं, आणि १९८१ ला २० टक्क्यांवर मतं मिळवणाऱ्या तिसऱ्या पक्षाला फक्त २ जागा मिळाल्या. लोक चिडले. १९९३ ला सार्वमत घेऊन त्यांनी पद्धत बदलली, १९९६ पासून नवी रीत. पक्ष वाढले, आघाडी सरकारं नेहमीची झाली, देश काही बुडाला नाही. महत्त्वाचं हे की तिथे नियम बदलायला लोकांना विचारलं.

मला स्वतःला वाटतं की लोकसभा-विधानसभेचा विषय मोठा आहे, तिथे सरकार टिकण्याचा आंबेडकरांचा मुद्दा अजूनही तोलून बघावा लागेल. पण महापालिकेत सरकार पडून देश अस्थिर होण्याचा प्रश्न नाही. चार जागांचा प्रभाग आपण आधीच केलेला आहे. महिला आणि मागास प्रवर्गाच्या जागा राखूनही साठवण पद्धत चालवता येते, १९३७ ला राखीव जागांसकट ती चाललीच होती. म्हणजे मोठी मोडतोड नको, नियमातली एक ओळ पुरे. पाण्याच्या प्रश्नावर, खारघर-कामोठ्याच्या रस्त्यांवर उभा राहिलेला एखादा नागरिकांचा गट असेल आणि पाचातल्या एकाला त्याचं म्हणणं पटत असेल, तर सभागृहात त्याचा एक माणूस बसेल. बाकीचे तीन कुणाचेही असोत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी प्रभागाचा आकडा परत बदलायला निघालं, तर 'चार की एक' एवढंच विचारून थांबू नका. चार मतं दिली आहेत, तर ती हवी तिथे टाकू का देत नाही, हेही विचारा. हा प्रश्न आपल्याआधी परळमधल्या एका उमेदवाराने विचारला होता, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.